लाल बाजूला कारण सापडेना

"ओगले, उद्या तुम्ही चीन," ब्रिगेडियर शितोळे म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता व्हरांड्यातून चालू लागले.

मी वाचनालयाच्या दारात उभा होतो. हातात चिनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तो तसाच छातीशी धरून मी त्यांच्या मागे निघालो. ब्रिगेडियर साठीला आले होते, पण त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे मला नेहमी थोडं पळावं लागे.

"सर, मी?"

"मग काय मी? निंबाळकरची कंबर धरलीय. गॅसचा सिलिंडर एकट्यानं उचलायला गेला. आता उताणा पडून बायकोला हुकूम सोडतोय."

"पण सर, मी कधी खेळलेलो नाही. माझं काम वाचायचं, भाषांतर करायचं..."

"चिनी येतं ना तुम्हाला?"

"वाचता येतं. बोलताना जरा..."

"निंबाळकरला एक अक्षर येत नाही. तरी इतकी वर्षं उत्तम चीन होता तो." ते थांबले, मागे वळले आणि आवाज थोडा उतरवून म्हणाले, "हे बघा, अवघड काही नाही. तिसऱ्या फेरीत हल्ला करायचा. जेवणापर्यंत लढायचं. जेवणानंतर हरायचं. दिल्लीहून लघाटे येतायत, ते जेवणानंतर बघायला बसतील. तुमची कायम होण्याची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल."

मला चांगलंच ठाऊक होतं.

सत्त्याऐंशी सालचा जानेवारी होता तो. देवळालीला एका जुन्या बराकीत आमचं सामरिक अध्ययन केंद्र होतं. चार खोल्या, वर पत्रा, मागे निलगिरीची झाडं. मी तिथे चिनी कागद वाचायला लागलो त्याला चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं मी तात्पुरता होतो. दर सहा महिन्यांनी मुदत वाढायची. माझी बहीण मिरजेला असते, ती तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघत होती. तिचं म्हणणं, "मुलीकडचे पहिलं विचारतात, नोकरी कायम आहे का? मी काय सांगू त्यांना? आमचा सदा चीनचे शिळे पेपर वाचतो?" शिळे हे खरंच होतं. ते पोस्टानं तीन तीन महिन्यांनी यायचे.

दर जानेवारीत केंद्रात एक खेळ व्हायचा. खेळ म्हणायचं, पण त्याच्या निकालावरून दिल्लीला एक टिपण जायचं: एवढ्या मोठ्या शेजाऱ्यापुढे पुढची दहा वर्षं आपण कसं उभं राहायचं. निळी बाजू म्हणजे आपण, लाल म्हणजे चीन. निळी बाजू ब्रिगेडियर स्वतः खेळायचे. त्या वर्षीचं टिपण त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. सांगणं एकच, जे काही नवं बळ येईल ते सगळं डोंगरावर, सरहद्दीवर न्यायचं. खेळानं ते फक्त सिद्ध व्हायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये गेलो तेव्हा विंग कमांडर पालेकर टेबल-टेनिसच्या टेबलावर नकाशा पसरून त्याच्या कडा पुस्तकांनी दाबत होते. पालेकर खेळाचे पंच. वायुदलातून निवृत्त झालेले, मालवणकडचे, सदा हसतमुख. नकाशावर वरच्या अंगाला डोंगर तपकिरी रंगवले होते, खाली समुद्र. दोन्ही टोकांना एकेक वेताची टोपली ठेवलेली.

"या चिनी सरकार," पालेकर म्हणाले. "नियम वाचलेत?"

"तीनदा वाचले."

"अरे बापरे. आजवर कुणी एकदाही वाचले नव्हते."

नियम सोपे होते. एक फेरी म्हणजे एक वर्ष. दर फेरीला दोन्ही बाजूंना दहा-दहा लाकडी ठोकळे मिळायचे. ते डोंगरावर मांडा, समुद्रात मांडा, नाहीतर घरात ठेवा. घर म्हणजे ती टोपली. त्यात रस्ते, धरणं, शाळा, कारखाने असं सगळं आलं. घरात दोन ठोकळे असले की पुढच्या फेरीला एक जादा मिळे. उलट डोंगरावर चार ठोकळे असले की रसदीपोटी एक परत द्यावा लागे, आणि शत्रूच्या डोंगरावर चढलं तर दुप्पट. रसदीचा नियम ब्रिगेडियरांनी स्वतः घातला होता. बर्फात माणूस उभा ठेवायला काय लागतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. घराचा नियम डॉ. शालन खर्डेकरांचा. पण टोपलीत ठोकळा टाकलेला कुणी पाहिला नव्हता. निळ्या टोपलीत ब्रिगेडियरांचे हातमोजे आणि तंबाखूचा डबा असायचा.

खर्डेकरबाई माझ्या बाजूला होत्या. कोल्हापूरच्या, अर्थशास्त्राच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. लाल बाजूला हॉलशेजारची सामानाची खोली मिळायची. तिथे गेलो तर बाई आधीच एका खोक्यावर बसून काळी द्राक्षं खात होत्या. हंगामाची पहिली, नाशिकहून आणलेली, मोठी पिशवी भरून.

"या, बसा की. चीनला उभं का ठेवायचं?"

"बाई, मला धडधडतंय."

"द्राक्षं खा. आंबट आहेत, पण धडधड थांबते."

पालेकरांनी पलीकडे घंटा वाजवली. पहिली फेरी. माझ्यासमोर दहा लाल ठोकळे होते आणि भिंतीवर त्याच नकाशाची छोटी प्रत.

"मांडा," बाई म्हणाल्या. "निंबाळकर सगळे डोंगरावर ठेवायचा. तिसऱ्या फेरीला आरोळी ठोकायचा."

मी ठोकळा उचलला आणि परत ठेवला. "बाई, एक विचारू? तुम्हाला वेडेपणा वाटेल."

"तुम्ही विचारा, मग बघू."

"गेली चार वर्षं मी रोज त्यांचे पेपर वाचतोय. राजधानीचे नाही, प्रांतांतले. त्यात काय असतं माहितीय? नदीचा बांध फुटला. डुकरांना खाद्य मिळत नाही. कॉलेजातल्या मुलांना खाटा कमी पडतात. अमुक कारखान्याच्या थर्मासात पाणी गरम राहत नाही, यावर तर पान भरून तक्रारी." मी घुटमळलो. "त्यांच्या डोक्यात आपण नाहीच आहोत, बाई. निदान रोज तरी नाही."

"मग कोण आहे?"

"थर्मास."

बाई हसल्या, इतक्या की पालेकरांनी दारातून डोकावून पाहिलं.

"मग जे त्यांच्या डोक्यात आहे ते खेळा की," त्या म्हणाल्या. "मी त्या टोपलीचा नियम काय फुलं ठेवायला केला होता?"

"पण हल्ला?"

"तिसऱ्या फेरीला ना? ही पहिली आहे."

ते मला पटलं. हल्ला करायचाच होता, फक्त आत्ता नाही. मी दोन ठोकळे डोंगरावर राखणीला ठेवले आणि आठ घरात. पालेकर ते घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. "ब्रिगेडियर साहेबांचे आठ डोंगरावर, दोन समुद्रात. तुमची टोपली बघून म्हणाले, ओगल्यांना ठोकळे कुठे ठेवतात ते कुणी सांगितलं नाही का?"

दुसऱ्या फेरीला मला चौदा ठोकळे मिळाले. ब्रिगेडियरांना आठच, दोन रसदीत गेले. मी पुन्हा घर भरलं. या खेपेला बांधांसाठी किती, शाळांसाठी किती, खाटांसाठी किती, असं बाईंशी बोलून ठरवलं. खरं सांगायचं तर टोपली ती टोपलीच, आत वेगळे कप्पे नव्हते. पण मला तसं बरं वाटत होतं. थर्मासच्या कारखान्याला मी एक ठोकळा जास्त दिला.

तिसऱ्या फेरीची घंटा झाली आणि पाठोपाठ पालेकर स्वतःच आले.

"ओगले, साहेब विचारतायत, हल्ला निघाला का?"

"आत्ता काढतो."

"टेबलावर येऊन काढा म्हणाले. म्हणजे त्यांना बघता येईल."

मी हॉलमध्ये गेलो. ब्रिगेडियर टेबलाच्या निळ्या टोकाला ताठ उभे होते. त्यांचे डोंगर निळ्या ठोकळ्यांनी इतके गच्च भरले होते की खालचा तपकिरी रंग दिसेना. माझ्या हातात एकवीस ठोकळे होते. पुढे सरकवले की झालं. लघाटे येणार, मी हरणार, फाईलवर सही होणार, मिरजेला ताई पेढे वाटणार. मी हात पुढे केला. तो टेबलावर अधांतरी राहिला.

"ठेवा," ब्रिगेडियर म्हणाले.

"सर, माफ करा. मी बघतोय, पण मला कारण सापडत नाही."

"कसलं कारण?"

"हल्ल्याचं. त्या शिखरांवर मला काय मिळणार? आणि घरी चाललेलं सगळं थांबवावं लागेल."

"चीनला कारण लागतं होय?"

"मला लागतं, सर."

पालेकरांना खोकला आला. ब्रिगेडियरांना मात्र हसू आलं नाही. ते टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू जाईल असं बोलले.

"ओगले, बासष्टला मी तिथे होतो. कापडी बूट घालून. माझ्या तुकडीतली पोरं सकाळी उठलीच नाहीत, गोळी न लागता. तेव्हाही खाली टेबलाशी बसलेली हुशार माणसं हेच म्हणत होती, ते कशाला येतील, त्यांना कारण काय? तुम्ही मला परत तेच सांगताय?"

त्यांनी ते पाहिलं होतं, मी फक्त वाचलं होतं, आणि तेही तीन महिने उशिरा. माझं चुकत असलं तर? मी दोन ठोकळे आणखी डोंगरावर ठेवले, उरलेले घेऊन मान खाली घालून खोलीत परतलो.

"केला हल्ला?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या फेरीला."

"फाईल?"

"बाई, मी प्रयत्न केला. हात पुढे जात नाही."

बाईंनी द्राक्षांची पिशवी माझ्याकडे सरकवली.

चौथ्या फेरीला लाल ठोकळे संपले. खेळाच्या पेटीत तेवढे कधी लागलेच नव्हते. पालेकर दारात उभे राहून डोकं खाजवू लागले. "आता तुमचे जादाचे कुठून आणू? कॅरमच्या सोंगट्या होत्या, त्या मेसमध्ये."

"ही घ्या," बाईंनी पिशवीत हात घातला. "एक द्राक्ष, एक ठोकळा."

"नियमात बसतं?"

"पंच तुम्ही."

पालेकरांनी क्षणभर विचार केला आणि ओंजळ पुढे केली.

आता घरात मावेना म्हणून मी बंदरं बांधायला घेतली. समुद्रात, बेटांवर, शेजाऱ्यांच्या किनाऱ्यावर. कुणाला रस्ता, कुणाला पूल. कुणाशी भांडायचं नव्हतं. द्राक्षं नुसती ठेवत गेलो. मी घाबरलेला होतो हे खरं, पण मला मजा येऊ लागली होती हेही खरं. ब्रिगेडियर मात्र आपली कमी होत जाणारी निळी मूठ पुन्हा पुन्हा डोंगरावर रिकामी करत होते, कारण माझ्या गप्प बसण्यात त्यांना मोठा डाव दिसत होता. पालेकर येऊन सांगायचे, "साहेब म्हणतायत, ओगल्यांचं काहीतरी शिजतंय."

"काय शिजतंय?" बाई विचारायच्या.

"शाळा," मी म्हणायचो.

लघाटे जेवणाच्या आधीच आले. इंदूरचे, दिल्लीत मुरलेले, गोल चेहऱ्याचे. अंगात लांब कोट. ते हॉलमध्ये शिरले आणि टेबलापाशी थबकले. मी आणि बाई दाराशी उभे होतो.

"अरे वा! हे काय चाललंय भाई? युद्ध चालू आहे नं?"

"अजून झालं नाही, साहेब," पालेकर म्हणाले.

"नाही झालं? मी तर समजलो होतो, आत्तापर्यंत संपत आलं असेल. मग ही फळं कशाला?" बोलता बोलता त्यांनी बंगालच्या उपसागरातून एक द्राक्ष उचललं आणि तोंडात टाकलं.

"साहेब, ते चीनचं बंदर होतं," पालेकर हळूच म्हणाले.

लघाट्यांनी चावणं थांबवलं. गिळावं की काढावं हे त्यांना समजेना. शेवटी गिळलं. "आंबट आहे," ते म्हणाले. "जिंकतंय कोण?"

ब्रिगेडियरांचे कान लाल झाले होते. दिल्लीचा माणूस समोर उभा, टिपण लिहून तयार, आणि डोंगरावर गच्च भरलेलं त्यांचं सैन्य, ज्याच्याशी लढायला कुणी येतच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी त्यांच्या डोळ्यांत त्याआधी कधी पाहिली नव्हती. रागाची नव्हती ती. विनवणीची होती.

"पाचवी फेरी," पालेकर म्हणाले. "लाल?"

"लाल..." मी माझ्या टोपलीकडे पाहिलं. "लाल नदीचे बांध दुरुस्त करतो."

"निळा?"

ब्रिगेडियरांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. "निळा हल्ला करतो," ते म्हणाले. आणि डोंगरावरचे सगळे ठोकळे, चोवीसच्या चोवीस, कडेकपाऱ्यांवरून माझ्या बाजूला लोटले.

लघाटे खुर्ची ओढून बसले. "हां, आता मजा येणार."

पालेकर माझ्याकडे वळले. "लाल, तुमचं उत्तर?"

खर्डेकरबाईंनी माझी बाही ओढली आणि कानाशी पुटपुटल्या, "तुमच्याकडे डोंगराएवढी द्राक्षं आहेत. वर ओता. चिरडून जातील."

"मग ते हरतील. लघाट्यांसमोर."

"हरू देत की."

"मला ते नको, बाई. आणि शिखरं राखून मला मिळणार काय? बर्फच ना?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाही सोडली.

त्या क्षणी माझ्या मनात काही थोर चाललं होतं असं नाही. मला फक्त एवढं दिसलं की हरायची संधी आली आहे. सांगितल्याप्रमाणे हल्ला मला जमला नव्हता, पण हरणं जमण्यासारखं होतं, आणि तेही माझ्या बाजूला मनापासून पटेल अशा रीतीनं. मी पुढे झालो आणि डोंगरावरचे माझे राखणीचे ठोकळे एकेक करून उचलून खाली टोपलीत टाकले.

"लाल मागे सरतो," मी म्हणालो. "शिखरं निळ्याची."

"सगळी?" पालेकर.

"सगळी."

लघाट्यांनी टाळ्या वाजवल्या. "शाबास ब्रिगेडियर! एक गोळी न झाडता!" पालेकरांनीही वाजवल्या. ब्रिगेडियर हसले, त्यांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आता जेवण, मग सही. मी बाईंकडे वळून म्हणालो, "झालं एकदाचं." बाई मात्र टेबलाकडे बघत होत्या आणि ओठ दाबून हसू आवरत होत्या.

"एक फेरी राहिली," त्या म्हणाल्या. "खेळ सहा फेऱ्यांचा असतो नं, पालेकर?"

"हो, पण आता काय उरलं? वाटून टाकतो ठोकळे, नियम म्हणून."

त्यांनी घंटा वाजवली. निळ्यापुढे दहा ठोकळे मोजून ठेवले. मग रसद मोजायला घेतली. बोटानं एकेक शिखर मोजत गेले, ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"साहेब, परक्या डोंगरावर दुप्पट. तुमचे बारा होतात."

"बरं मग?"

"मिळणार दहा. द्यायचे बारा."

पालेकरांनी निळे दहाही परत उचलून घेतले आणि वर दोन डोंगरावरून काढले, जरा ओशाळून, देवापुढचा नैवेद्य उचलावा तसे. मग ते माझ्याकडे आले. माझ्या वाट्याचे द्यायला पिशवीतली द्राक्षं पुरली नाहीत. त्यांनी उरलेली पिशवीच टेबलाच्या लाल टोकाला उपडी केली. द्राक्षं घरंगळत निघाली, काही कडेवरून खाली पडली आणि लघाट्यांच्या बुटांपर्यंत गेली.

लघाट्यांनी पाय आखडून घेतले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "हे काय झालं? जिंकले तर ब्रिगेडियर ना?"

पालेकरांनी ब्रिगेडियरांकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा," ते मला म्हणाले. "तुम्ही खेळलात. काय डाव होता तुमचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "डाव... डाव असा नव्हता, साहेब. बांध होते. आणि खाटा. म्हणजे मुलांना. मी कदाचित चुकीचंही खेळलो असेन. तेही चुकतात, साहेब, फार चुकतात, पेपरात असतं. आज मी चुकलो नाही म्हणून ते चुकणार नाहीत असं..."

"तुम्ही तुमच्याच विरुद्ध का बोलताय?"

"मला नक्की माहीत नाही म्हणून."

बाईंनी कपाळाला हात लावला.

ब्रिगेडियर अजून शिखरांकडे बघत होते. शेवटी बोलले ते हळू, पण हॉलभर ऐकू गेलं.

"मी सांगतो, लघाटेसाहेब. मी वर चढून बसलो. ते खाली घर बांधत राहिले. मला खाली उतरता येत नाही, कारण उतरलो तर हरलो म्हणतील. आणि वर राहता येत नाही, कारण खायला घालणारं घर मी बांधलंच नाही." त्यांनी निळ्या टोपलीत हात घातला. हातमोजे आणि तंबाखूचा डबा बाहेर काढून बाजूला ठेवला. टोपली आता नुसती रिकामी होती. "बासष्टला आमच्या पायात धड बूट नव्हते. इतकी वर्षं मी म्हणत आलो, डोंगरावर माणसं कमी होती. माणसं होती, साहेब. बूट शिवणारा कारखाना नव्हता."

लघाट्यांनी कोटाची वरची गुंडी काढली. "म्हणजे तुमचं टिपण? ते तर मी आज घेऊन जाणार होतो. परवा बैठक आहे."

"टिपण रात्रीपर्यंत नवं होईल. डोंगर सोडा असं मी लिहिणार नाही. ओगल्यांनीसुद्धा राखणीला चार ठेवले होते. पण सगळं वर न्या असंही आता मला लिहिता येणार नाही."

"ओगले," लघाट्यांनी नाव जिभेवर घोळवलं. "हे तेच का, तात्पुरते? फाईल पाहिली होती मी. त्यावर मी शेरा मारून ठेवलाय, शिळी वर्तमानपत्रं वाचायला माणूस कशाला हवा म्हणून." ते ब्रिगेडियरांकडे वळले. "यांचं काय करायचं, बोला. तुमचा शब्द शेवटचा."

हल्ला कर म्हणून सांगितलेलं मी केलं नव्हतं. एवढ्या लोकांत, दिल्लीच्या माणसापुढे, त्यांचं टिपण त्यांनाच फाडायला लावलं होतं. मी जमिनीवरच्या द्राक्षांकडे पाहत उभा राहिलो.

"कायम करा," ब्रिगेडियर म्हणाले.

"कारण? शेरा खोडायचा तर काही लिहावं लागेल मला."

"लिहा, हा माणूस नसला तर पुढच्या जानेवारीत निंबाळकर बरा होऊन येईल, तिसऱ्या फेरीत हल्ला करेल आणि मी परत जिंकेन."

पालेकर आधी हसले, मग बाई, मग कोटासकट लघाटेही. मला हसावं की काय करावं कळेना, म्हणून मी खाली वाकून द्राक्षं गोळा करू लागलो.

"ठेवा हो ती," ब्रिगेडियरांचा आवाज आला. त्यांनी भिंतीजवळच्या दोन खुर्च्या ओढून टेबलापाशी आणल्या, एकीवर स्वतः बसले, दुसरीवर हातानं थोपटलं. "जेवण थांबेल. इथे बसा. पहिल्या फेरीपासून सांगा, पहिला ठोकळा कुठे ठेवलात आणि का. अशा बाजूनं बसा. तोफखान्यात गेलेली हयात, या कानानं मला काही ऐकू येत नाही. आणि मोठ्यानं बोला."

मी बसलो. घसा खाकरला. आणि मला आठवतं तसं, आयुष्यात पहिल्यांदाच, मोठ्यानं बोलायला लागलो. थर्मासपासून.